रानड्यांनी दिलेलं उपरणं

१९१२ सालची गोष्ट. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गमधल्या हिंदी लोकांनी गोपाळ कृष्ण गोखल्यांसाठी मोठी मेजवानी ठेवली होती, निघायची वेळ झालेली, आणि अंगावर घ्यायचं उपरणं बाहेर काढून बघतात तर त्याला सगळ्या चुण्या पडलेल्या. धोब्याकडे पाठवून परत आणायला वेळच नव्हता. यजमान म्हणाले, द्या इकडे, मी इस्त्री करून देतो. यजमान म्हणजे मोहनदास गांधी, तेव्हा तिथे वकील म्हणून नाव असलेले. गोखले म्हणाले, तुमच्या वकिलीवर माझा विश्वास आहे पण तुमच्या धोबीकामावर नाही, तुम्ही ते खराब केलंत तर? ते माझ्यासाठी काय आहे ते तुम्हाला माहीत आहे का? आणि मग त्या गडबडीतसुद्धा त्यांनी सगळं सांगितलं, की हे उपरणं न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेलं आहे, खास प्रसंगीच बाहेर काढतो. गांधींनी हट्ट धरला, इस्त्री केली, छान झाली, आणि गोखल्यांनी शाबासकी दिली. गांधींनी पुढे लिहिलंय की त्यानंतर सगळ्या जगाने मला सर्टिफिकेट नाकारलं असतं तरी मला फरक पडला नसता.

तेव्हा रानड्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. गोखले सेहेचाळीस वर्षांचे, डायबेटिसने पोखरलेले, व्हाइसरॉयच्या कौन्सिलात ज्यांचं बजेटवरचं भाषण ऐकायला सरकारी अधिकारीसुद्धा कान देऊन बसायचे असे. आणि हा माणूस एवढ्या लांबच्या बोटीच्या प्रवासात गुरूने दिलेलं कापड सांभाळून घेऊन गेला होता. का कोण जाणे, पण मी गोखल्यांबद्दल जे काही वाचलंय त्यातलं माझ्या मनातून हे उपरणंच जात नाही.

आमच्या घरी भिंतीवर टिळकांचा फोटो होता. गणपतीत त्याला हार पडायचा. गोखल्यांचा फोटो नव्हता आणि नाही याचं कुणाला काही वाटतही नव्हतं. आजोबा कट्टर टिळकभक्त, आणि "मवाळ" हा शब्द त्यांच्या तोंडून अशा सुरात यायचा की तो दोषच आहे असं आम्हा पोरांना वाटायचं. शाळेत तर काय, जहाल आणि मवाळ यांतील फरक स्पष्ट करा, डावीकडे एक रकाना उजवीकडे एक, डाव्या रकान्यात स्वराज्य आणि सिंहगर्जना, उजव्या रकान्यात अर्ज, विनंत्या, ब्रिटिशांच्या न्यायबुद्धीवर विश्वास. मीही लिहिलंय ते उत्तर आणि मार्कही मिळवलेत. पण आज मला मनापासून वाटतं की तो उजवा रकाना आम्हाला चुकीचा शिकवला. चुकीचा म्हणजे त्यातले शब्द खोटे होते असं नाही, पण त्या शब्दांमागे एक जिवंत माणूस होता आणि त्या मवाळपणाची किंमत तो स्वतःच्या घरात, स्वतःच्या शरीरात मोजत होता, ते कुणी सांगितलंच नाही.

जन्म ९ मे १८६६, गुहागरजवळचं कोतळूक, आजोळी. वडील कागल संस्थानात नोकरीला. १८७९ मध्ये ते गेले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा आणि मोठा भाऊ गोविंद अठराचा. गोविंदरावांनी शिक्षण सोडलं आणि कागलमध्येच पंधरा रुपयांची नोकरी धरली, आणि त्या पंधरातले आठ रुपये महिन्याला कोल्हापूरला धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवायचे. म्हणजे घरात उरायचे सात, त्यात आई, बहिणी, स्वतःचा संसार. पुढे कॉलेजचा खर्च आला तेव्हा वहिनीने दागिने विकायला काढून दिले. त्या काळच्या लग्न झालेल्या बाईकडे स्वतःचं म्हणावं असं दुसरं होतं तरी काय, अंगावरचं सोनं तेवढंच, आणि ते तिने दिराच्या फीसाठी दिलं. या वहिनीबद्दल इतिहासाच्या पुस्तकात ओळसुद्धा नसते, मला त्याचं फार वाईट वाटतं.

कोल्हापूरच्या त्या दिवसांतली एक गोष्ट सांगतात. एक मित्र नाटकाला घेऊन गेला, गोपाळला वाटलं तोच दाखवतोय, आणि नंतर मित्राने तिकिटाचे दोन आणे मागितले. आठ रुपयांत महिना काढणाऱ्या पोराचे दोन आणे! त्याने भावाला काही कळवलं नाही, दिव्याचं तेल वाचवलं आणि रस्त्यावरच्या कंदिलाखाली अभ्यास केला. पुढे हाच माणूस मिठावरच्या कराबद्दल बोलायला उभा राहायचा तेव्हा गरिबाच्या घरी एक आणा म्हणजे काय हे त्याला कुठल्या रिपोर्टात वाचायची गरज नव्हती.

१८८४ मध्ये एल्फिन्स्टनमधून बी.ए. झाले. गणित चांगलं, इंग्रजी उत्तम, सरकारी नोकरी करून घर वर काढता आलं असतं आणि घरच्यांची तीच अपेक्षा असणार, भावाने एवढं केलेलं. पण ते पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवायला लागले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले, महिना पंचाहत्तर रुपये आणि वीस वर्षं सेवा असं ते व्रत होतं. फर्ग्युसनमध्ये इंग्रजी शिकवलं, गणित शिकवलं, अर्थशास्त्र, इतिहास, जो विषय पडेल तो. अंकगणिताचं पुस्तक लिहिलं ते कितीतरी वर्षं शाळांतून चाललं. कुठे टिळक, कुठे आगरकर आणि त्यांच्यात हा विशीतला लाजाळू मुलगा. आगरकरांच्या 'सुधारक' या पत्रातली इंग्रजी बाजूही तो सांभाळायचा. आणि मग रानडे भेटले. रानड्यांनी त्याला जे शिकवलं ते आजच्या भाषेत सांगायचं तर डेटा वाचायला शिकवलं, सरकारी अहवाल, आकडे, तक्ते, एकही विधान आधाराशिवाय करायचं नाही. वर्षानुवर्षं हे चाललं, एक निवेदन लिहायचं तर आधी ढीगभर कागद उपसायचे. ज्याला आपण अर्ज-विनंत्या म्हणून मोडीत काढतो ना, त्या एकेका अर्जामागे हे कष्ट होते.

आता घराबद्दल लिहिते. हे लिहिताना जरा अडखळायला होतं, कारण दुसऱ्याच्या संसारावर सव्वाशे वर्षांनी बोलायचा आपल्याला काय अधिकार, पण ते टाळून गोखल्यांबद्दल लिहिणंही खरं होणार नाही. त्यांचं पहिलं लग्न १८८० मध्ये, म्हणजे चौदाव्या वर्षी झालं, मुलीचं नाव सावित्री. तिला बरा न होणारा आजार होता. १८८७ मध्ये घरच्यांच्या आग्रहाखातर, आणि सावित्रीबाईंच्या संमतीने म्हणतात, त्यांनी दुसरं लग्न केलं. पहिली पत्नी हयात असताना. आणि हे कोण करतंय, तर लवकरच आगरकरांच्या बरोबर सुधारकात लिहायला लागणारा, रानड्यांच्या पायाशी बसणारा तरुण! विरोधकांच्या हातात आयतं कोलीत मिळालं आणि त्यांनी ते वापरलंही.

मी गोखल्यांना इथे माफ करत नाही. ज्या बाईच्या संमतीचा दाखला दिला जातो तिच्याजवळ नाही म्हणायची सोय होती का, हा प्रश्न उरतोच आणि तो उरायलाच हवा. पण एक मात्र दिसतं, की त्यांनी या गोष्टीचं कधी समर्थन केलं नाही, तत्त्वाचा मुलामा दिला नाही. दुसऱ्या पत्नीपासून दोन मुली झाल्या, काशी आणि गोदू. मग दुसरी पत्नीही एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस गेली, गोखले तेव्हा जेमतेम तिशी ओलांडलेले. त्यानंतर त्यांनी लग्न केलं नाही. त्या काळात तेहतीस-चौतिसाव्या वर्षी विधुर झालेल्या, नाव कमावलेल्या ब्राह्मण पुरुषाने परत लग्न न करणं ही साधी गोष्ट नव्हती, स्थळं दारात येऊन उभी राहायची. त्यांनी मनाशी काय ठरवलं ते आपण सांगू शकत नाही पण ठरवलं खरं. घर मग भाऊ-वहिनीच्या, नातेवाइकांच्या आधाराने चाललं, मुली वाढल्या, आणि बाप आज कलकत्त्यात तर उद्या लंडनच्या बोटीवर.

१८९७ कडे येते, कारण माझ्या मते गोखले तिथे घडले.

त्या वर्षी वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते लंडनला गेले. वय तीस. हिंदुस्थानच्या तिजोरीतला पैसा कसा खर्च होतो यावर मुरलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी उलटतपासणी घेतली आणि हा पोरगेला प्रोफेसर आकड्यांनिशी उत्तरं देत राहिला. सगळ्यांनी वाहवा केली. इकडे पुण्यात मात्र प्लेग. प्लेगसाठी नेमलेला अधिकारी रँड, त्याची माणसं, गोरे सोल्जर घराघरात घुसून तपासणी करत होते, देवघरात, स्वयंपाकघरात, बायकांना रस्त्यावर आणून. पुण्याहून विश्वासातल्या लोकांची पत्रं गोखल्यांना जात होती आणि त्यात भयंकर गोष्टी लिहिलेल्या, दोन बायकांवर सोल्जरांनी अत्याचार केला आणि त्यातल्या एकीने जीव दिला अशी. २२ जूनला चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. गोखल्यांनी तिकडे मँचेस्टर गार्डियन या पेपरला हे सगळं सांगितलं आणि पार्लमेंटपर्यंत खळबळ उडाली. सरकारने चौकशी करून सांगितलं, असं काही घडलेलंच नाही, पुरावा द्या.

जुलैच्या अखेरीस गोखले मुंबईला उतरले. टिळकांना राजद्रोहाखाली नुकतीच अटक झालेली, सगळीकडे भीतीचं वातावरण. गोखल्यांनी पत्रं लिहिणाऱ्यांना विचारलं, तुम्ही पुढे येता का. कुणीही आलं नाही. नावं सांगून त्यांना स्वतःची मान सोडवून घेता आली असती. नावं सांगितली नाहीत. ऑगस्टच्या सुरुवातीला पेपरात त्यांची माफी छापून आली, आडपडदा न ठेवता, अटी न घालता, मी केलेला आरोप मला सिद्ध करता येत नाही, मी तो मागे घेतो आणि सोल्जरांची, अधिकाऱ्यांची क्षमा मागतो.

अख्ख्या महाराष्ट्राने थू थू केली. भित्रा. इंग्रज म्हणाले खोटारडा, आपले म्हणाले शेपूट घातली. एका महिन्यात हा माणूस डोक्यावर घेतला गेला आणि पायदळी तुडवला गेला.

माझा एक छोटा अनुभव सांगते, त्याची तुलना करायची म्हणून नाही, पण त्यानंतर मला हे प्रकरण वेगळं दिसायला लागलं. काही वर्षांपूर्वी मी राहायचे त्या सोसायटीत साफसफाईला येणाऱ्या तीन बायकांनी मला सांगितलं की ठेकेदार त्यांच्या पगारातून दर महिन्याला पैसे कापून घेतो आणि सही मात्र पूर्ण रकमेवर घेतो. मी मीटिंगमध्ये उभी राहिले आणि बोलले, चांगलं तावातावाने बोलले. कमिटीने विचारलं, कोणी सांगितलं, बोलवा त्यांना. रात्री मी त्यांच्याकडे गेले तर तिघींनीही मान खाली घातली, ताई आमचं काम जाईल. बरोबरच होतं त्यांचं. त्यांची नावं सांगणं मला शक्य नव्हतं आणि नावाशिवाय माझ्या बोलण्याला काडीची किंमत नव्हती. शेवटी ग्रुपवर लिहावं लागलं की माझ्याकडे पुरावा नाही, मी माझं म्हणणं मागे घेते. ते चार ओळींचं टाइप करायला मला पाऊण तास लागला, हात थरथरत होते, आणि खाली अंगठ्यांची रांग लागली ती बघवत नव्हती. सत्तर फ्लॅटची सोसायटी होती ती. गोखल्यांसमोर दोन देश होते.

तेव्हापासून "माफी मागितली म्हणजे भित्रा" हे वाक्य मी कुणाच्याही तोंडून ऐकलं तरी मला राग येतो. पुण्यातल्या त्या दोन बायकांच्या बाबतीत पत्रातलं खरं होतं की नाही हा प्रश्नच वेगळा. गोखल्यांपुढचा प्रश्न होता की जे मला सिद्ध करता येत नाही ते मी धरून ठेवायचं का, आणि ज्यांनी विश्वासाने लिहिलं त्यांना उघडं पाडायचं का. दोन्हीला त्यांनी नाही म्हटलं आणि बदनामी एकट्याने घेतली. ही जखम भरली नाही. पुढे काँग्रेसचे पुढारी फिरोजशहा मेहतांकडे व्हाइसरॉयच्या कौन्सिलातल्या जागेबद्दल त्यांनी पत्र लिहिलं त्यातही १८९७ चा विषय स्वतःहून काढला, तो डाग धुवून काढायचाय हे त्यांच्या मनात सतत होतं.

आणि काढला. १९०२ मध्ये फर्ग्युसन सोडून ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले, मार्चमध्ये बजेटवर पहिलं भाषण केलं. समोर लॉर्ड कर्झन. सरकार खूश, कारण तिजोरीत भरपूर शिल्लक पडलेली, त्याआधीच्या पाच-सहा वर्षांत दुष्काळाने आणि प्लेगने लोक मेलेत आणि तिजोरी मात्र भरलेली. बाकीचे सभासद उठून अभिनंदन करत होते. गोखले उठले आणि म्हणाले ही शिल्लक म्हणजे भरभराट नव्हे, रुपयाचा भाव कृत्रिमपणे चढवून ठेवलाय आणि कर गरजेपेक्षा जास्त लावलेत म्हणून ही शिल्लक दिसतेय, लोकांकडे उरलंय म्हणून नाही. मिठावर तेव्हा मणाला अडीच रुपये कर होता. १९०३ मध्ये तो दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक. हे एकट्या गोखल्यांमुळे झालं असं म्हणणं बरोबर नाही, पण दरवर्षी उठून, आकडे मांडून, आवाज न चढवता तीच गोष्ट सांगत राहणारा माणूस तोच होता. अडीचवरून एक. कोट्यवधी चुलींपर्यंत पोचलेलं राजकारण आहे हे आणि त्याचा पोवाडा कुणी केला नाही.

या काळातले गोखले घरात कसे होते हे गांधींमुळे कळतं, कारण कलकत्त्यात महिनाभर ते गोखल्यांकडे राहिले होते. गोखले एक क्षण वाया घालवायचे नाहीत, बोलणं फक्त देशाबद्दल. गांधींना एक खटकलं, गोखले घोडागाडीतून फिरतात, ट्रामने का जात नाहीत? विचारलंच त्यांनी. गोखल्यांना ते लागलं. म्हणाले तुम्हीसुद्धा मला ओळखलं नाही, कौन्सिलचा भत्ता मी स्वतःच्या सुखासाठी वापरत नाही, ट्रामने फिरण्याच्या तुमच्या स्वातंत्र्याचा मला हेवा वाटतो, पण इतके लोक ओळखायला लागले की ते जमत नाही. मग गांधी म्हणाले, निदान फिरायला तरी जात जा, तब्येतीचं काय. त्यावर गोखल्यांनी विचारलं, मला फिरायला जाण्याइतकी सवड कधी दिसते का तुम्हाला? बस, विषय संपला. गांधींना हे पटलं नाही, त्यांनी तसं लिहूनही ठेवलंय, की आदर होता म्हणून गप्प बसलो पण समाधान झालं नाही. मला गांधींचंच बरोबर वाटतं. तेरा वर्षांनी तो माणूस गेला.

१२ जून १९०५ ला पुण्यात भारत सेवक समाज काढला. फक्त तीन तरुण बरोबर, देवधर, द्रविड आणि पटवर्धन. सार्वजनिक जीवनाला अध्यात्माची बैठक पाहिजे असं घटनेतच लिहिलं, सात शपथा, पाच वर्षांचं शिक्षण, घर चालेल एवढाच पैसा. राजकारण हे पूर्ण वेळ, अभ्यास करून, गरिबीत राहून करायचं काम आहे ही कल्पना तेव्हा नवीनच होती. त्याच वर्षाअखेर बनारसच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष. मग १९०७, सुरत, चपला, खुर्च्या, काँग्रेस फुटली. टिळक मंडालेला गेले आणि पुण्यात गोखल्यांना बाहेर पडणं अवघड झालं इतका लोकांचा राग. तिकडे इंग्रजांचे गुप्त पोलीस यांच्याही मागावर, कारण हा गोड बोलणारा माणूस आतून काय करेल सांगता येत नाही असं त्यांना वाटायचं. मधे उभ्या राहणाऱ्याला दोन्हीकडून मार बसतो. आणि मधे उभं राहणं म्हणजे कुंपणावर बसणं नाही हे आजही आपल्याला समजावून सांगावं लागतं, व्हॉट्सअॅपवर तर रोज.

पण मला सगळ्यात जास्त ओढ वाटते ती त्यांच्या शिक्षणाच्या बिलाची. मार्च १९१० मध्ये त्यांनी ठराव मांडला की प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करायला सुरुवात करा. सरकारने बघू म्हटलं, ठराव मागे घ्यावा लागला. १९११ च्या मार्चमध्ये स्वतःच बिल आणलं. किती जपून आणलं होतं ते बघा, सहा ते दहा वर्षांची फक्त मुलं, मुली नंतर, तेही जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड तयार असेल तिथेच, तेही सरकारची परवानगी घेऊन, तेही तिथली ठरावीक टक्के मुलं आधीच शाळेत जात असतील तर. महिना दहा रुपयांपेक्षा कमी कमाई असलेल्या पालकांना फी माफ. खर्चाचा एक तृतीयांश स्थानिक संस्थेने द्यायचा, बाकी सरकारने. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी सगळ्या संस्थानात सक्तीचं शिक्षण १९०६ मध्येच चालू केलं होतं, म्हणजे अशक्य काहीच नव्हतं. मुलींना मागे ठेवलं हे मला आज टोचतं, त्यांनी तडजोड केली आणि ती कुणाच्या जिवावर केली तेही दिसतं. तरी एवढं करूनसुद्धा मार्च १९१२ मध्ये बिल पडलं. १३ विरुद्ध ३८. विरोधात मत देणाऱ्यांत आपलेही लोक होते, जमीनदार होते, शेतात राबायला पोरं कुठून आणायची ही चिंता असलेले.

बिल पडणार हे त्यांना मत पडायच्या आधीच माहीत होतं. भाषणात तसं स्पष्ट म्हणालेही, मला वाईट वाटत नाही, तक्रारही नाही, आमच्या पिढीच्या नशिबी अपयशातूनच देशाची सेवा करणं आहे, यशातून सेवा करणारे पुढे येतील. आपलं बिल आता पाडलं जाणार आहे हे माहीत असताना शांतपणे उभं राहून हे बोलायचं आणि खाली बसायचं. मी हे भाषण वाचलं तेव्हा थोडा वेळ पुढे वाचताच आलं नाही. आपल्याकडे शिक्षणहक्काचा कायदा अमलात आला तो १ एप्रिल २०१० ला. त्यांच्या पहिल्या ठरावानंतर शंभर वर्षं आणि काही दिवसांनी. माझ्या मुलीच्या शाळेत त्यावेळी त्याची नोटीस लागली होती, पटावर मुलींचीही नावं आणि त्याच कायद्याने आलेली शेजारच्या वस्तीतली मुलंही, गोखल्यांचं नाव त्या कागदावर नव्हतं, असायचं कारणही नव्हतं.

बिल पडल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते दक्षिण आफ्रिकेला गेले. गांधींच्या टॉलस्टॉय फार्मवर राहिले तिथे सगळे जमिनीवर झोपतात म्हटल्यावर कॉट नको म्हणाले, थंडीने आजारी पडले तरी कुणाला पाय चेपू देईनात. प्रिटोरियात तिथल्या सरकारातल्या बोथा आणि स्मट्स यांना भेटून आले आणि गांधींना म्हणाले, सगळं ठरलं, करार संपलेल्या हिंदी मजुरांवरचा तीन पौंडांचा कर जाणार, तुम्ही वर्षभरात हिंदुस्थानात परत या. गांधींना शंका होती. आणि झालंही तसंच, सरकारने शब्द फिरवला. समोरच्याच्या शब्दावर विश्वास ठेवणं ही गोखल्यांची चूक म्हणा, स्वभाव म्हणा. पण मग १९१३ मध्ये तिथे सत्याग्रह पेटला तेव्हा हाच माणूस, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली असताना, हिंदुस्थानभर पैसे गोळा करत फिरला आणि १९१४ मध्ये तो कर गेला. त्याच वर्षी सरकारने सर ही पदवी देऊ केली, ती त्यांनी नाकारली. इन्सुलिन यायला तेव्हा अजून सात-आठ वर्षं होती. डायबेटिस झालेल्या माणसाने फक्त खाण्यावर ताबा ठेवायचा आणि वाट बघायची.

१९ फेब्रुवारी १९१५ ला गोखले पुण्यात गेले, वय अठ्ठेचाळीस. अगदी त्याच महिन्यात टिळकांशी काँग्रेसमध्ये परत घेण्यावरून कडवट वाद चालू होता. टिळक सिंहगडावर होते, निरोप मिळाला तसे खाली उतरले आणि स्मशानात आले. तिथे लोकांनी टाळ्या वाजवल्या तर टिळकांनी त्यांना गप्प केलं, ही टाळ्या वाजवायची वेळ नाही म्हणाले, आणि चितेकडे बोट करून सांगितलं की हा हिंदुस्थानचा हिरा, महाराष्ट्राचं रत्न, कार्यकर्त्यांचा राजा इथे कायमचा विसावा घेतोय, याच्याकडे बघा आणि याच्यासारखे व्हायचा प्रयत्न करा. आजोबांना हे माहीत होतं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आता विचारता येणार नाही.

त्याआधी थोडेच दिवस, गांधी आफ्रिकेहून कायमचे परत आलेले, त्यांना भेटायला म्हणून गोखल्यांनी भारत सेवक समाजाच्या आवारात सगळ्यांना बोलावलं होतं. गांधी खातात ते सगळं मुद्दाम आणवलेलं, भुईमुगाचे दाणे, खजूर, ताजी फळं. गोखल्यांची खोली तिथून चार पावलांवर होती, पण यायची ताकद नव्हती, तरी माया इतकी की उठून आलेच. आले आणि चक्कर येऊन पडले. उचलून खोलीत न्यावं लागलं. त्यांना अशी चक्कर यायची सवय झालेली होती. शुद्धीवर आल्याबरोबर त्यांनी आतून निरोप पाठवला, थांबू नका, तुमचं चालू द्या.